दफनभूमीचा नकाशा : रेखाटनाऐवजी मोजणी

नकाशा करणे हे चित्रकाराचे काम आहे अशी समजूत सर्वत्र रूढ आहे, आणि गावातील कब्रस्तानाचा, ख्रिस्ती दफनभूमीचा किंवा लिंगायत समाजाच्या स्मशानभूमीचा नकाशा व्हावा असा विषय निघाला की तो बहुधा याच समजुतीपाशी अडून राहतो. प्रत्यक्षात नकाशाचा गाभा मोजलेल्या अंतरांत असतो, आणि महाराष्ट्रातील कोणत्याही शेतकऱ्याला याचा पुरावा भूमी अभिलेख कार्यालयातच सापडतो. जुन्या मोजणीचे जे टिपण तेथे मिळते, त्यातील शेताची आकृती प्रमाणात काढलेली नसते. बांधाच्या रेघा ओबडधोबड असतात, लांब बाजू आखूड आणि आखूड बाजू लांब दिसू शकते, आणि तरीही कित्येक दशकांनंतर हद्दीचा वाद उभा राहिला की मोजणीदार त्याच टिपणाचा आधार घेतो, कारण प्रत्येक रेघेशेजारी साखळीने घेतलेले माप लिहिलेले असते. आकृती वेडीवाकडी असली तरी मापे खरी असतील तर शेत पुन्हा जमिनीवर आखता येते. आकृती देखणी असून मापे नसतील, तर तिचा हद्द कायम करण्यासाठी काहीही उपयोग होत नाही. दफनभूमीच्या नकाशालाही हेच तत्त्व जसेच्या तसे लागू पडते, आणि म्हणून ज्याला सरळ रेघही ओढता येत नाही, परंतु टेप वाचता येतो आणि आकडा नीट लिहिता येतो, असा माणूस हे काम उत्तम रीतीने करू शकतो.

उदाहरणादाखल जालना जिल्हा घेतला, तर तेथे या कामाची गरज जुन्या इतिहासामुळेही आहे आणि चालू व्यवहारामुळेही. २३ सप्टेंबर १८०३ रोजी जिल्ह्याच्या उत्तर भागात असई येथे दौलतराव शिंदे व रघूजी भोसले यांच्या सैन्याची आणि आर्थर वेलस्ली याच्या फौजेची लढाई झाली, तीत ईस्ट इंडिया कंपनीच्या बाजूचे ४२८ जण ठार आणि ११३८ जखमी झाल्याची नोंद आहे. मराठा बाजूच्या मृतांचे तर केवळ अंदाजच उपलब्ध आहेत. या लढाईतील एक प्रसंग प्रस्तुत विषयाशी जवळचे नाते सांगणारा आहे. केळणा नदीला जवळपास उतार नाही असे वाटाड्यांनी सांगितले असता, नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर वसलेली दोन गावे वेलस्लीच्या नजरेस पडली, आणि इतक्या जवळच्या दोन गावांत येण्याजाण्याची वाट असलीच पाहिजे, असा तर्क करून त्याने तेथे उतार शोधला व सैन्य पार नेले. त्याच्या हाती त्या जागेचा विश्वसनीय नकाशा नव्हता. दोन स्थिर खुणांचा परस्परसंबंध मात्र त्याने बरोबर वाचला. पुढे एकोणिसाव्या शतकात जालना येथे हैदराबाद कंटिंजंट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दलाची छावणी होती, हे दल १९०३ मध्ये भारतीय सैन्यात विलीन झाले, आणि छावणीसोबत येणाऱ्या माणसांपैकी अधिकारी, त्यांची कुटुंबे, शिपाई, मोतद्दार व नोकर यांतले अनेक जण याच मातीत राहिले. १८४३ मध्ये मुंबईत ख्रिस्ती झालेले नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वसाहत उभी केली, तेव्हा छावणीबाहेरच्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांचाही इतिहास या भूमीशी जोडला गेला.

अशा दफनभूमींची नोंद घेण्याचे प्रयत्न पूर्वी झालेले आहेत. मात्र ते प्रामुख्याने यादीच्या स्वरूपात झाले. ओ. एस. क्रॉफ्टन यांनी, जालना तेव्हा ज्यात होते त्या, निजामाच्या राज्यातील थडग्यांवरील व स्मारकांवरील लेखांची यादी तयार केली आणि ती १९४१ मध्ये हैदराबाद येथे प्रसिद्ध झाली. तशाच याद्या त्याआधी मद्रास आणि मुंबई इलाख्यांसाठीही झाल्या होत्या. या याद्या करणाऱ्यांचे श्रम मोठे आहेत, कारण तेव्हा वाचता येत असलेले कित्येक लेख आज झिजून गेले आहेत किंवा ज्या संगमरवरी पाट्यांवर ते कोरले होते त्या पाट्याच उपटून नेल्या गेल्या आहेत. परंतु यादीच्या पद्धतीत दोन उणिवा मुळातच आहेत. पहिली अशी की यादीत नाव, हुद्दा, पलटण आणि मृत्यूची तारीख मिळते, पण पाटी नाहीशी झाल्यावर समोरच्या विटाचुन्याच्या उघड्या चौथऱ्यांपैकी कोणता चौथरा त्या नावाचा, हे ठरवायला काही साधन उरत नाही. दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. लेखांची यादी स्वभावतःच ज्यांच्या डोक्याशी लेख आहे त्यांचीच होते, आणि ज्यांच्या कबरीवर मातीचा उंचवटा, डोक्याशी व पायाशी उभा केलेला एकेक दगड किंवा नुसता खडकांचा ढीग एवढेच आहे, ते सगळे तिच्यातून गळतात. मोजणीला मात्र अक्षराची गरज नसते; उंचवट्याचेही अंतर मोजता येते, आणि म्हणून मोजून केलेल्या नकाशात कर्नलची कबर आणि त्याच्या घोड्याची निगा राखणाऱ्या मोतद्दाराची कबर यांना सारखीच एकेक जागा व एकेक क्रमांक मिळतो. हे काम हाती घेण्यामागे याहून मोठे कारण देता येईल असे वाटत नाही.

जागा हरवली म्हणजे काय होते, हे पुण्याजवळ खडकी येथे पाहता येते. तेथील युद्ध दफनभूमीत दुसऱ्या महायुद्धातील दीड हजारांहून अधिक सैनिकांच्या कबरी आहेत. पश्चिम व मध्य भारतात ठिकठिकाणी असलेल्या ज्या कबरींची कायमची देखभाल होईल याची खात्री नव्हती, त्या तेथे आणण्यात आल्या. त्याच आवारात पहिल्या महायुद्धाच्या काळात भारतात मरण पावलेल्या अठराशेंहून अधिक सैनिकांची नावे एका स्मारकावर कोरलेली आहेत, कारण नागरी व छावणीच्या निरनिराळ्या दफनभूमींत असलेल्या त्यांच्या कबरींची निगा राखणे पुढे शक्य राहिले नाही. दुसऱ्या महायुद्धातील त्या प्रत्येक कबरीचा पत्ता विभाग, ओळ आणि क्रमांक अशा तीन अंगांनी सांगता येतो, त्यामुळे पहिल्यांदाच आलेला नातेवाईकही कोणाला न विचारता नेमक्या दगडापाशी पोचतो. पत्त्याची ही तीन अंगे गावातील साध्या दफनभूमीलाही तितक्याच सहजपणे देता येतात, आणि त्यासाठी युद्ध दफनभूमीसारखी शिस्तबद्ध रचना आधीपासून असावी लागत नाही.

मोजणीच्या शास्त्राचा विचार करताना महाराष्ट्रातच असलेल्या एका कबरीचा उल्लेख टाळता येत नाही. भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा आरंभ करणारा विल्यम लॅम्टन हा हैदराबादहून नागपूरकडे जात असता २० जानेवारी १८२३ रोजी वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे मरण पावला आणि तेथेच पुरला गेला. त्याने १८०२ च्या एप्रिल महिन्यात मद्रासजवळ सुमारे साडेसात मैल लांबीची एक रेषा शंभर फुटी पोलादी साखळीने मोजली, आणि एकदा ही एकच रेषा बिनचूक मिळाल्यावर पुढील शेकडो मैलांचा प्रदेश त्याने मुख्यतः कोन मोजून त्रिकोणांच्या जाळ्यात बसवला. अशा रेषेला आधाररेषा म्हणतात. दफनभूमीच्या मोजणीतही सर्व भिस्त आधाररेषेवरच असते. फरक इतकाच की ती मैलांची नसून वीसतीस मीटरांची असते आणि कोन मोजण्याच्या यंत्राऐवजी दुसरा टेप पुरतो. उन्हाने साखळी लांबते म्हणून लॅम्टनला तिचे तापमान नोंदवावे लागे. तीस मीटरचा पोलादी टेप वीस अंश अधिक तापला तर सुमारे सात मिलिमीटर वाढतो, म्हणजे जालन्याच्या कडक उन्हाळ्यातही दफनभूमीच्या कामात ही चूक नगण्य ठरते. कापडी टेप ओढल्याने ताणतो ती चूक तिच्याहून मोठी असते, म्हणून शक्यतो पोलादी किंवा काचतंतूचा टेप वापरावा आणि तो प्रत्येक वेळी सारख्याच जोराने ताणावा.

प्रत्यक्ष कामात प्रथम दोन अशा खुणा निवडाव्या लागतात, ज्या पुढील पन्नास वर्षे हलणार नाहीत. कुंपणभिंतीचा कोपरा, फाटकाचा दगडी खांब, विहिरीच्या कठड्यावरचा ठरावीक दगड किंवा हद्दीचा रोवलेला दगड यांचा उपयोग होतो. कडुलिंबाचे झाड जवळचे वाटले तरी ते जाड होत जाते आणि एखाद्या वादळात पडते, म्हणून झाड नकाशात दाखवावे पण त्यावरून मापे घेऊ नयेत. या दोन खुणांमध्ये सुतळी घट्ट ताणून तिच्या शेजारी टेप जमिनीवर पसरला की आधाररेषा तयार होते. आता कोणत्याही कबरीचे स्थान दोन आकड्यांत सांगता येते : रेषेच्या आरंभापासून कबरीच्या समोर येईपर्यंतचे अंतर आणि तेथून काटकोनात कबरीपर्यंतचे अंतर. या दुसऱ्या अंतराला लंब अंतर म्हणतात. उदाहरणार्थ, क ओळीतील तिसऱ्या कबरीच्या उशाकडील दगडासाठी ‘४.२० मीटर पुढे, १.८० मीटर डावीकडे’ एवढी नोंद पुरेशी असते, आणि त्याच कबरीच्या पायथ्याच्या दगडाची तशीच दुसरी नोंद घेतली की तिची लांबी व दिशा आपोआप निश्चित होते. काटकोन डोळ्यांच्या अंदाजाने धरला तर लंब जितका लांब तितकी चूक वाढते. त्यासाठी बारा मीटरच्या दोरीचे तीन, चार व पाच मीटरांचे भाग पडतील अशा गाठी मारून तिचा त्रिकोण ताणावा. तीन व चार मीटरांच्या बाजूंमधला कोन नेमका काटकोन भरतो. दोरीने काटकोन साधण्याची ही युक्ती यज्ञवेदीच्या रचनेसाठी शुल्बसूत्रांत आलेली आहे, आणि गवंडी आजही इमारतीचा पाया आखताना तीच वापरतात.

जेथे वेडी बाभूळ माजली आहे, चौथरे आडवे आले आहेत किंवा रेषेपासून कबर फार दूर आहे, तेथे लंब घेणे अवघड जाते. अशा ठिकाणी दोन अंतरांची पद्धत अधिक उपयोगी पडते, आणि तीत काटकोनाची गरजच नसते. समजा, कुंपणाचे दोन खांब एकमेकांपासून वीस मीटरांवर आहेत, आणि एक कबर पहिल्या खांबापासून बारा मीटर व दुसऱ्यापासून सोळा मीटर अंतरावर आहे. कागदावर एक सेंटिमीटर म्हणजे एक मीटर असे प्रमाण धरून वीस सेंटिमीटरची रेघ पट्टीने आखावी, कंपास बारा सेंटिमीटर उघडून तिच्या पहिल्या टोकाशी एक कंस व सोळा सेंटिमीटर उघडून दुसऱ्या टोकाशी दुसरा कंस मारावा. ते जेथे छेदतात तेथे कबर आहे. हेच गणिताने करायचे असेल तर पहिल्या अंतराच्या वर्गातून दुसऱ्या अंतराचा वर्ग वजा करून त्यात खांबांमधील अंतराचा वर्ग मिळवावा आणि त्या बेरजेला खांबांमधील अंतराच्या दुपटीने भागावे. १४४ वजा २५६ अधिक ४०० म्हणजे २८८, त्याला ४० ने भागले की ७.२० येतात; हे रेषेवरचे अंतर झाले. बाराच्या वर्गातून ७.२० चा वर्ग वजा करून वर्गमूळ घेतले की ९.६० मीटर हे लंब अंतर मिळते, आणि प्रत्यक्षात काटकोनात टेप न धरताही पहिल्या पद्धतीचे दोन्ही आकडे हाती येतात. दोन गोष्टींची सावधगिरी मात्र बाळगावी लागते. कंस रेषेच्या दोन्ही बाजूंना छेदतात, म्हणून कबर डावीकडे आहे की उजवीकडे, हे तेथेच लिहून ठेवले पाहिजे. आणि दोन टेप कबरीपाशी फार चिंचोळा कोन करत असतील, म्हणजे तीस अंशांहून कमी, तर टेपमधली दोन सेंटिमीटरची चूक कागदावर कितीतरी पट वाढते, तेव्हा अशा कबरीसाठी तिसरी खूण निवडावी.

दिशेचा प्रश्न दफनभूमीत विशेष महत्त्वाचा असतो, कारण कबरीची दिशा ही स्वतःच एक नोंद असते. मुस्लिम परंपरेत मृतदेह उजव्या कुशीवर, तोंड किब्ल्याकडे म्हणजे मक्केच्या दिशेला करून ठेवतात. जालन्याहून ही दिशा गणिताने पश्चिमेपासून सुमारे नऊ अंश उत्तरेकडे येते, म्हणून कबरीचा लांब अक्ष साधारण उत्तर-दक्षिण आणि डोके उत्तरेला असते. जुन्या कबरींत ढोबळमानाने पश्चिम हीच दिशा धरलेली आढळू शकते, आणि हा नऊ अंशांचा फरक नकाशावर दिसला तर कबरींच्या वेगवेगळ्या पिढ्या ओळखण्यास तो मदत करतो. ख्रिस्ती परंपरेत डोके पश्चिमेला आणि पाय पूर्वेला ठेवण्याचा जुना रिवाज असल्याने अक्ष पूर्व-पश्चिम येतो. लिंगायत समाजात मृतदेह बसलेल्या स्थितीत, इष्टलिंग हातात देऊन समाधिस्थ करतात, आणि दशनामी गोसाव्यांतही बैठी समाधी देण्याची चाल आहे. तेथे जमिनीवरची आकृती लांबट न राहता चौरसाकडे झुकते, म्हणून उशाच्या व पायथ्याच्या दोन नोंदींऐवजी चौथऱ्याचे चार कोपरे मोजावे लागतात. अनेक हिंदू जातींत लहान मुलांना पुरतात, आणि त्यांच्या जागा आखूड अंतरांवरून ओळखू येतात. हे सगळे न समजता एकाच ठशाची आकृती सर्वत्र छापली, तर त्या नकाशाने मापे खरी सांगूनही माणसांबद्दल खोटे सांगितल्यासारखे होते.

उत्तर दिशा ठरवण्यासाठी मोबाइलमधील होकायंत्र चालते, कारण मराठवाड्यात चुंबकीय उत्तर व खरी उत्तर यांतील फरक एका अंशाहून कमी आहे. मात्र लोखंडी फाटक, सळया किंवा मोटारसायकल यांच्याजवळ ते धरू नये. खात्रीसाठी सपाट जागेत सरळ काठी उभी करून दुपारपूर्वी व दुपारनंतर तिच्या सावलीची लांबी सारखी भरते त्या दोन वेळी सावलीच्या टोकांवर खुंट्या ठोकाव्यात. त्या जोडणारी रेषा पूर्व-पश्चिम असते. दुपारच्या सावलीचे टोक नेहमी उत्तरेकडेच असते असे धरून चालू नये, कारण जालना कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्याने मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या चौथ्या आठवड्यापर्यंत मध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो आणि सावली दक्षिणेला पडते.

मोबाइलमध्ये उपग्रहाधारित स्थाननिश्चितीची सोय असताना टेपची दगदग कशासाठी, असा प्रश्न येथे स्वाभाविकपणे येतो. मोकळ्या आकाशाखालीही साध्या मोबाइलने दाखवलेले स्थान चारपाच मीटरांनी चुकू शकते, झाडाखाली ते त्याहून अधिक चुकते, आणि शेजारशेजारच्या दोन कबरींमध्ये मीटरभरही अंतर नसते. म्हणजे मोबाइलने केलेल्या नकाशात एकाची कबर सहज दुसऱ्याच्या नावावर जाईल. भूमी अभिलेख खात्याची रोव्हर यंत्रे काही सेंटिमीटरांपर्यंत अचूक स्थान देतात, परंतु ती सर्वांच्या हाती नसतात. म्हणून मोबाइलचा उपयोग आधाररेषेच्या दोन खुणांचे अक्षांश-रेखांश नोंदवून संपूर्ण दफनभूमी पृथ्वीच्या नकाशात स्थूलपणे बसवण्यापुरता करावा, बाहेरील हद्दीचा आकार इस्रोच्या भुवन या संकेतस्थळावरील उपग्रहचित्रावरून पडताळावा, आणि आतील मापे टेपनेच घ्यावीत.

मापांइतकीच क्रमांकाची आखणी विचारपूर्वक करावी लागते. चालताना भेटतील त्या क्रमाने एक, दोन, तीन असे आकडे दिले, तर गवताखाली राहून गेलेली एक कबर पुढे सापडली की सारी मांडणी बिघडते. त्याऐवजी ओळीला अक्षर व ओळीतील जागेला आकडा द्यावा, आणि दोन कबरींमध्ये ठळक मोकळी जागा असेल तेथे आकडे मोकळे सोडावेत. ओळी सरळ नसतील, आणि जुन्या कब्रस्तानांत त्या क्वचितच सरळ असतात, तर सुतळ्या ताणून जागेचे दहा-दहा मीटरांचे चौकोन पाडावेत व चौकोनाला अक्षर द्यावे. क्रमांक कबरीवर रंगवू नये. पाटीवर खडूने लिहून ती पाटी कबरीशेजारी ठेवून छायाचित्र घ्यावे, म्हणजे छायाचित्र आणि क्रमांक यांची ताटातूट होत नाही. हाच क्रमांक नकाशावर, नोंदवहीत आणि छायाचित्रात अशा तिन्ही ठिकाणी येतो, आणि यादीत नाव पण जागा नाही, नकाशात जागा पण नाव नाही, ही जुनी अडचण त्या एका क्रमांकाने दूर होते.

नोंदवहीत क्रमांक व मापांखेरीज कबरीचे साहित्य, तिची अवस्था, लेखाची भाषा आणि लेखाचा मजकूर जसाच्या तसा उतरवावा. शुद्धलेखन सुधारू नये, तुटलेले अक्षर अंदाजाने भरू नये, ते रिकाम्या चौकटीने दाखवावे. झिजलेला लेख वाचण्यासाठी खडू, पीठ किंवा दाढीचा फेस चोळण्याची पद्धत काही ठिकाणी दिसते. ती दगडाला घातक आहे आणि आम्ल वापरणे तर त्याहून घातक. सकाळी किंवा संध्याकाळी आरशाने उजेड बाजूने तिरपा पाडला की बुजत चाललेल्या कोरीव अक्षरांच्या सावल्या उमटतात आणि पुष्कळ लेख स्वच्छ पाण्याशिवाय दुसरे काहीही न लावता वाचता येतात. जालन्यातील लेखांत व कागदपत्रांत इसवी, हिजरी व फसली अशा तीन कालगणना भेटतात. हिजरी सनाचा अंदाज त्याला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवल्याने येतो, जसे हिजरी १३०० म्हणजे १८८२-८३. निजामी राजवटीतील दप्तराचे फसली वर्ष ५९० मिळवून इसवी सनात येते, जसे फसली १३५७ म्हणजे १९४७-४८. मूळ तारीख आणि रूपांतरित तारीख वेगवेगळ्या रकान्यांत लिहाव्यात, कारण रूपांतरात चूक झाली तर मूळ शाबूत राहिली पाहिजे.

जेथे दगडावर काहीच नाही तेथे माणसांच्या आठवणीकडे वळावे लागते. कबर खोदण्याचे काम पिढ्यानपिढ्या करणाऱ्या गोरकनाला, चर्चच्या जुन्या सेवकाला किंवा समाजातील वयोवृद्धांना कोणाच्या शेजारी कोण आहे हे तोंडपाठ असते, आणि पुष्कळ गावांत दफनभूमीचा तेवढाच एक नकाशा अस्तित्वात असतो. ही माहिती घेताना सांगणाऱ्याचे नाव त्याच्या संमतीने लिहावे आणि ‘लेखावरून’ व ‘सांगण्यावरून’ असा भेद नोंदवहीत स्पष्ट ठेवावा. दोन कुटुंबे एकाच जागेवर आपला माणूस आहे असे म्हणत असतील, तर दोन्ही म्हणणी लिहून ठेवणे एवढेच नकाशा करणाऱ्याचे काम आहे.

मापे हाती आल्यावर कागदावर उतरवण्याचे काम जवळजवळ यांत्रिक उरते. आलेखाच्या कागदावर एक सेंटिमीटर म्हणजे एक मीटर या प्रमाणाने प्रत्येक बिंदू मोजून टिंब द्यावे व टिंबे पट्टीने जोडावीत. संगणक जवळ असेल तर तेवढेही करावे लागत नाही. एक्सेल किंवा लिब्रेऑफिसच्या तक्त्यात एका रकान्यात रेषेवरचे अंतर आणि दुसऱ्यात लंब अंतर, एका बाजूच्या अंतरांना उणे चिन्ह देऊन, भरले आणि विखुरलेल्या बिंदूंचा आलेख मागितला की सर्व कबरी आपापल्या जागी उमटतात. आडव्या व उभ्या अक्षांचे प्रमाण सारखे ठेवायला मात्र विसरू नये, नाहीतर दफनभूमी एका दिशेने ताणलेली दिसते. क्यूजीआयएस या मोफत प्रणालीत हाच तक्ता घातला तर कबरीवर टिचकी मारताच नोंदवहीतील माहिती समोर येते.

नकाशा खरा उतरला की नाही, हे ओळखण्याची कसोटी सोपी आहे आणि ती गाळता कामा नये. आधी न मोजलेली दोन कबरींमधली अंतरे थेट टेपने मोजून नकाशातील अंतरांशी ताडावीत. क ओळीतील तिसरी कबर ४.२० व १.८० वर आणि सातवी १०.२० व २.६० वर असेल, तर त्यांच्यातील फरक सहा मीटर व ऐंशी सेंटिमीटर, म्हणून सरळ अंतर ६.०५ मीटर भरले पाहिजे. टेपवर सहा मीटर दहा सेंटिमीटर आले तर चालेल, साडेसहा आले तर कोठेतरी आकडा चुकीचा वाचला गेला आहे. अशी दहावीस अंतरे जुळली की रेखाटन कितीही साधे असले तरी त्यावर विसंबता येते.

चालू दफनभूमीत या नकाशाचा रोजचा उपयोग जागेच्या हिशेबासाठी होतो. एक गुंठा म्हणजे तेहेतीस फूट लांब व तेवढीच रुंद जागा, अर्थात १०८९ चौरस फूट; एका कबरीला भोवतालच्या अंतरासह सात फूट बाय चार फूट जागा धरली तर गुंठ्यात क्षेत्रफळाच्या हिशेबाने फार तर अडतीस कबरी बसतात, आणि वाटांसाठी तिसरा हिस्सा सोडला तर पंचवीसच. वाढीव जागेची मागणी करणाऱ्या समितीने अर्जासोबत असा मोजलेला नकाशा जोडला, तर शिल्लक जागा किती वर्षे पुरेल याचा तिच्या हाती हिशेब असतो.

हे काम दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत करणे सोयीचे, कारण पावसाळ्यात गाजरगवत छातीइतके वाढते आणि काळी माती पायाला धरते. तीच माती पावसात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे चौथरे कलतात आणि हलके दगड जागचे सरकतात. म्हणून नकाशावर मोजणीची तारीख, आधाररेषेच्या खुणांचे वर्णन, प्रमाण आणि मोजणाऱ्यांची नावे लिहिणे आवश्यक आहे. विश्वस्तांची किंवा पंचांची संमती आधी घ्यावी, दफनविधी चालू असताना टेप गुंडाळून बाजूला व्हावे, आणि अलीकडच्या कबरींवरील नावे कुटुंबांना विचारल्याशिवाय सर्वांसमोर मांडू नयेत. तयार नकाशाची एक प्रत दफनभूमीच्या समितीकडे, एक ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत आणि एक शाळेच्या वा वाचनालयाच्या कपाटात ठेवावी, आणि सर्व प्रतींसोबत मापांची मूळ वही छायाप्रत काढून जोडावी. कारण कागद फाटला तरी वहीतील आकड्यांवरून नकाशा पुन्हा करता येतो, आणि यापुढे होणाऱ्या प्रत्येक दफनासाठी त्याच दोन खुणांपासून आणखी चार आकडे त्या वहीत लिहिले की नकाशा आपोआप अद्ययावत राहतो.